पडणारा खटका

अंगाला साबण लावलेला असताना गरम पाणी बंद पडणं ही तशी घरोघरची गोष्ट. राजाजीनगरातल्या मधुकररावांकडे मात्र ती रोजचीच झाली. त्यांच्या पत्नीचा, कल्पनाताईंचा, खांदा आखडला होता. तांब्या डोक्यापर्यंत जाईना. म्हणून व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या क्षितिजनं आईसाठी विजेवर जागच्या जागी पाणी तापवणारा शॉवर आणला. मधुकररावांनी तो जुन्या गीझरच्याच तारेवर जोडला. पाच-सात मिनिटं झाली, की खालच्या बोर्डातला खटका पडून शॉवरची वीज तुटायची. कल्पनाताई उरलेली आंघोळ थंड पाण्यानं उरकायच्या आणि मुलाला फोनवर सांगायच्या, शॉवर फार छान आहे हो.

मधुकररावांनी आप्पाजींना बोलावलं. आप्पाजी बेळगावकडचे, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं वायरिंग करण्यात त्यांचे केस पिकलेले. त्यांनी शॉवरवरचा आकडा वाचला, तार बोटांनी चाचपली आणि सरळ सांगितलं, की गीझरची तार अडीच एमएमची आहे, शॉवर गीझरच्या अडीचपट वीज ओढतो, आणि बोर्डापासून माडीपर्यंतचं अंतरही लांब. दहा एमएमची नवी तार ओढावी लागेल. त्यासाठी भिंत फोडावी लागेल.

भिंतीवरच्या टाइल्स चारच महिन्यांपूर्वी लावलेल्या होत्या. आल्यागेल्याला मधुकरराव त्या कौतुकानं दाखवत. त्यांनी फोडाफोडीला साफ नकार दिला आणि मोठा खटका बसवून द्यायला सांगितलं.

"खटका मोठा केला म्हणून तार जाड होत नाही, साहेब," आप्पाजी म्हणाले. "तार तापायल्या, म्हणून तो पडायलाय. तो पडायलाय म्हणून तुमचं घर शाबूत आहे."

चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून काढलेल्या माणसाला हे झोंबलं. कारखान्यात त्यांचा सगळा जन्म यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात गेला होता, विजेशी संबंध नव्हता, पण ते कोण कुणाला सांगणार? आप्पाजी हे काम आपल्याकडून होणार नाही म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले. त्याच दुपारी मधुकररावांनी वीस अँपिअरचा खटका काढून चाळीसचा स्वतः बसवला.

मग शॉवर अखंड चालला. किती महिन्यांनी कल्पनाताईंनी डोक्यावरून मनसोक्त पाणी घेतलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मधुकररावांना आपण केलं ते बरोबरच केलं असं वाटलं. आपल्यालाही तेच वाटलं असतं.

भिंतीतली तार मात्र रोज थोडी थोडी करपत होती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मधुकरराव फिरायला गेले असताना न्हाणीघरावरच्या माळ्यावर ती पेटली. तिथं जुन्या गाद्या होत्या. कल्पनाताई आत आंघोळीला होत्या, आणि न्हाणीघराबाहेरच्या बोळात धूर कोंडल्यानं त्यांना बाहेर पडता आलं नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं, पण उशीर झाला होता.

दिवस करायला माणसं जमली. जो तो त्या शॉवरला नावं ठेवत होता. क्षितिज भिंतीला टेकून बसायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "मीच आणला तो. आईला मीच मारलं." मधुकरराव ते ऐकायचे आणि मान खाली घालायचे.

अकराव्या दिवशी आप्पाजी भेटायला आले. क्षितिज आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "साहेब, शॉवरचा काही दोष नव्हता. मी कुणाला काही सांगणार नाही. पण हे पोर जन्मभर स्वतःला खात राहील. खटका पडत होता तेव्हा आपण ऐकलं नाही. आता ह्याचं तरी ऐका."

मधुकररावांनी क्षितिजला हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तार बारीक होती. आप्पाजींनी बजावलं होतं. टाइल्स फोडायच्या नव्हत्या, म्हणून खटका मी बदलला. तुझ्या हातून काहीही चुकलं नाही, बाळा.

"आईला माहीत होतं?" क्षितिजनं विचारलं.

"नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता."

क्षितिज उठून बाहेर गेला. पुढचे तीन महिने तो बापाशी बोलला नाही. मधुकररावांनी त्याला दोष दिला नाही. पण स्वतःला दोष देणं त्यानं थांबवलं होतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

आता मधुकरराव आप्पाजींबरोबर ओळखीच्या घरी जातात. चहाच्या आधी बोर्ड बघतात. खिशात जळक्या तारेचा वीतभर तुकडा असतो, तो समोर ठेवतात आणि सांगतात, की खटका पडला तर चिडू नका, तो का पडला ते विचारा. आणि उपकरण घ्यायच्या आधी तार किती जाडीची लागेल ते जाणकाराकडून समजून घ्या. मंडळी, आपण सगळेच घराच्या दर्शनी भागाला जपतो आणि भिंतीच्या आत काय आहे ते विसरतो.

परवा एका घरात बाई कुरकुरल्या, एवढ्या सुंदर टाइल्स, कशा फोडायच्या?

"फोडा," मधुकरराव म्हणाले. "टाइल्स परत लावता येतात."