दहा किलोमीटरचा रुसवा

शिंप्याची मोटरसायकल म्हणजे त्याचं लाडावलेलं लेकरू. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर तिला पुसणं, पॉलिश लावून चकाकवणं चालायचं. आणि या लाडांचे पांग बयेने कसे फेडावेत, तर दहा किलोमीटर झाले की भर रस्त्यात बसकण मारायची. ढकलत गॅरेजात आणावी, तर एका किकमध्ये सुरू.

गॅरेज म्हाताऱ्या मिस्त्रींचं, मदतीला त्यांची सून. त्यांनी तीनदा कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलला, पेट्रोलची नळी नवी घातली. चौथ्यांदा गाडी आली तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला. वर्षभर हात थरथरत होते, आणि गॅरेज विकत घ्यायला माणूस तयारच होता. आठ वर्षं हाताखाली शिकलेली सून म्हणत होती, "मामंजी, विकू नका, मी चालवते." पण म्हातारा सहजासहजी बधणारा नव्हे.

"ही गाडी बरी कर, गॅरेज तुझं," ते म्हणाले. "नाही जमलं तर सोमवारी सौदा."

या गॅरेजचा पहिला धडा असा, की गाडी आली की आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचं. सुनेने झाकणाकडे हात पुढे केला आणि मागे घेतला. इथे आली की ही शहाणी होते, मग इथे काही उघडायचंच कशाला?

"पेट्रोल तरी बघ," सासरे करवादले.

"शिंपीकाका म्हणतात, आत्ताच कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी भरून चालवत आणली. दुखणं रस्त्यातलं आहे, रस्त्यातच बघते."

शिंप्याला मागे बसवून ती निघाली. दहा किलोमीटर झाले आणि गाडी आचके देत थांबली.

"मी काय सांगत होतो, ताई?" शिंपी रडवेला झाला.

तिने खाली बसून कार्ब्युरेटरची नळी काढली. टाकी भरलेली, कॉक उघडा, तरी पेट्रोल दोन थेंब आलं आणि थांबलं. मग तिने टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली आणि नळीतून पेट्रोल भसाभसा तिच्या पायांवर आलं. कॉक बंद करता करता ती खदाखदा हसत सुटली. पेट्रोल उतरायला वरून हवा लागते, आणि झाकणातल्या हवेच्या बारीक भोकात पॉलिश ठासून बसलं होतं.

"काका, लाड करता करता लेकराचं नाकच बुजवलंत की."

शिंप्याने ओशाळून कॉलरला खोचलेली टाचणी काढून दिली. तिने भोक मोकळं केलं आणि गाडी पुढे वीस किलोमीटर दामटली. कुठे म्हणून अडली नाही.

गॅरेजात परतल्यावर सासऱ्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे दर वेळी झाकण उघडून मीच तिला बरी करत होतो," ते म्हणाले, "आणि मग बऱ्या गाडीत रोग शोधत होतो." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सुनेने आनंदाने त्यांचा पाना उचलून हातात घेतला.

तेवढ्यात एक जण स्कूटर ढकलत आत आला. "मिस्त्री, जरा बघता का?"

म्हातारा स्टुलावर ऐसपैस बसला. "मला काय विचारता? मालकीणबाईंना विचारा. त्या सांगतील ते मी करतो."