मीच आहे ना दुभाषा!

समुपदेशक बाईंनी चहा विचारला तेव्हाच मी सावध झालो. परक्या देशात फुकटचा चहा कोण पाजतं? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

बायकोची डोकेदुखी तीन महिने हटत नव्हती. तपासण्यांत काही सापडलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला या बाईंकडे धाडलं. नवीन देशात आलेल्यांना त्या म्हणे मन मोकळं करायला मदत करतात. म्हणजे आपण मन मोकळं करायचं आणि ते सगळं फायलीत जाणार! उद्या हिच्या इथं राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली की तीच फाइल उघडणार, 'डोक्याने बरी नाही' म्हणणार आणि हिला परत पाठवणार. हिला इथं आणायला मी लाँड्रीत चार वर्षं इस्पितळांच्या चादरींच्या घड्या घातल्या होत्या.

म्हणून व्हिसाच्या मुलाखतीआधी घेतली होती तश्शी मी हिची आठवडाभर तयारी करून घेतली.

"झोप?"

"छान लागते."

"जेवण?"

"वेळेवर."

"घरची आठवण?"

"येते, पण थोडी."

ते 'थोडी' माझं. अगदीच नाही म्हटलं तर संशय येतो.

बाईंनी फोनवर मराठी दुभाषा देऊ केला. मी म्हटलं, "कशाला? मी आहे ना." तो दुभाषा आपल्याच ओळखीतला निघायचा आणि गावभर बोभाटा व्हायचा.

पहिली दोन उत्तरं हिनं चोख दिली. मग बाईंनी विचारलं, दिवसभर काय करता? हे काही आमच्या तयारीत नव्हतं.

ही खाली बघत म्हणाली, "तुम्ही कामावर गेलात की मी कपाटात जाऊन बसते. दार लावून घेते."

बाईंना मी सांगितलं, "घर आवरते. कपाट वगैरे."

"अजून काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. आमची भाषा जरा पाल्हाळिक आहे."

बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात ही आपणहून बोलली, "गॅलरीत कपडे वाळत घालायचं मी सोडलंय. सहाव्या मजल्यावरून खाली बघितलं की वाटतं, एक पाऊल टाकलं की सुटले. म्हणून कपाटात बसते. अहो, हे सांगा त्यांना. गाळू नका."

महिनाभर ओले कपडे बाथरूममध्येच लटकत होते. मला वाटलं, आळस. दोनदा ओरडलोही होतो.

मी सगळं सांगितलं. 'पाऊल' हा शब्द दोनदा म्हणावा लागला.

"तुम्हाला हे माहीत होतं?" बाईंनी मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. प्रश्न हिला बहुतेक न सांगताच कळला.

"त्यांना कसं माहीत असणार?" ती मराठीतच बाईंना म्हणाली. "ते मला उत्तरंच शिकवत होते."

बाई माझ्याकडे बघत थांबल्या. लाज वाटली. पण हिचं ते वाक्यही मी त्यांना सांगितलं.