हवाबंद नाणी

चांदी हवेने काळी पडत नाही, हवेतल्या गंधकाने पडते. बहुतेकांना हा फरक क्षुल्लक वाटतो. माझे पोट त्यावर चालते. गेली बावीस वर्षे मी एका प्रयोगशाळेत धातू कशाने आणि किती वेगाने खराब होतात हे मोजते. "आमची बहीण गंजावर जगते, लोखंड जपून ठेवा," अशी माझी ओळख दादा करून देत असे, आणि समोरचा हसला नाही तर पुन्हा एकदा समजावून सांगत असे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चौतीस वर्षे त्याने लेथवर काम केले. कारखान्यात मोजमापाची साधने होतीच, पण कातलेल्या पृष्ठभागावरून अंगठ्याचे नख फिरवून दादा काय म्हणतो याची लोक वाट पाहत, आणि मग साधन लावत. त्याची नाणी होती चारशेच्या आसपास. बहुतेक चांदीची आणि तांब्याची, देशोदेशीची, जुन्या बाजारातून एकेक करून उचललेली. मऊ प्लास्टिकचे कप्पे असलेल्या सहा अल्बममध्ये ती राहत, आणि ते अल्बम खिडकीजवळच्या लाकडी कपाटात.

वीस वर्षांच्या मधुमेहाने त्याचा डावा डोळा पूर्ण नेला होता. उजव्याला उजेड-अंधार कळे आणि समोर माणूस उभा आहे एवढे कळे. तरी दुपारी जेवण झाले की तो अल्बम मांडीवर घेऊन खिडकीशी बसे. वहिनी मधेच एखादे नाणे काढून त्याच्या हातात देई. तो अंगठा फिरवी आणि सांगे: जहाज, बैल, दाढीवाला राजा, वर्ष अमुक. वहिनी दोनदा नाणी उलटसुलट करून पाहत असे आणि तिसऱ्यांदा तेच नाणे परत देत असे. "फसायचं नावच नाही," ती माझ्याकडे तक्रार करी. "चेहऱ्याने मला ओळखत नाहीत, पण त्या राजाला ओळखतात."

मी हा खेळ अनेकदा पाहिला होता. तरी एका रविवारी माझे लक्ष गेले ते नाण्यांकडे.

चांदीच्या नाण्यांवर तपकिरी ठसे उमटले होते. घामातले मीठ आणि बोटांवरचे तेल नाण्यावर राहिले की हळूहळू असा ठसा उठतो, तो पुसून जात नाही. तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर होता. मी कप्प्याचा कोपरा कापला, स्वयंपाकघरात गेले, तांब्याची तार तापवून त्या तुकड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे प्लास्टिकमध्ये क्लोरीन होते. हे पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडत होते. उरलेले काम अल्बमचा पुठ्ठा, कपाटाचे लाकूड आणि दादाचा अंगठा करत होते. मी हे सगळे त्याला याच क्रमाने सांगितले.

"म्हणजे मी पण त्या लाकडासारखाच," तो म्हणाला.

मी म्हटले, लाकडापेक्षा तू जास्त, लाकडाला घाम येत नाही.

पुढचे चार रविवार मी त्या घरी काढले. प्रत्येक नाणे ॲसिटोनमध्ये बुडवून चिकट थर उतरवला. कुठलेही नाणे घासले नाही, कारण घासल्याने डाग जात नाहीत, नाणेच थोडे जाते. मग हातमोजे घालून एकेक नाणे ॲक्रिलिकच्या टणक गोल डबीत बसवले. त्या डब्या आम्लरहित कागदाच्या पानांवर लावून नवे अल्बम केले. ते अल्बम झाकणाला रबराची घट्ट पट्टी असलेल्या पेटीत ठेवले. ओलावा शोषणारे दाणे टाकले, गंधक पकडणारा कागद टाकला, आणि पेटीतले तापमान व आर्द्रता दर दहा मिनिटांनी नोंदवणारे एक बोटभर यंत्र ठेवले.

शेवटच्या रविवारी दादाने एकच प्रश्न विचारला.

"आणि मला बघायची असली तर?"

"दिसतील की," मी म्हटले. "डबी उघडायची गरजच नाही. ॲक्रिलिकमधून ब्याण्णव टक्के प्रकाश आरपार जातो."

वहिनी बटण शिवत होती. तिने हात थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा शिवू लागली. दादा म्हणाला, "ब्याण्णव म्हणजे पहिला वर्ग झाला," आणि आम्ही दोघे हसलो. आकडा बरोबर होता. त्याचे डोळ्यांचे अहवाल माझ्याच फाइलमध्ये होते, आणि तरीही हे वाक्य मी उच्चारले. माझ्या डोक्यात प्रश्न ॲक्रिलिकचा होता.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जात असे. पेटी उघडे, यंत्रातल्या नोंदी उतरवून घेई, एकदोन डब्या भिंगाखाली पाही. कुठेही नवा डाग नव्हता. दादाला विचारले की तो म्हणे, "एकदम झकास, तज्ज्ञबाई. नाणी इतकी चकचकीत आहेत की मला दिसेनाशी झालीत." हा विनोद त्याने दोन वेळा केला. मी दोन्ही वेळा हसले.

आर्द्रतेचा आलेख तर पाहण्यासारखा होता. सात महिने जवळजवळ सरळ रेघ. आमच्या प्रयोगशाळेत तितकी स्थिर पेटी नव्हती. मी तो आलेख छापून माझ्या टेबलासमोर लावला आणि नव्या लोकांना दाखवला: साठवण अशी असावी.

आठव्या महिन्यात आमच्याकडे नमुन्यांसाठी तशीच एक पेटी आली. ती आठवड्यातून एकदा उघडावी लागे. महिनाअखेरीस तिचा आलेख काढला तर त्यावर चार अणकुचीदार टोके होती. स्वाभाविक होते. झाकण उघडले की बाहेरची हवा आत येते, आर्द्रता चढते आणि तासाभरात पुन्हा उतरते. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले. दादाच्या रेघेवर सात टोके होती, सात महिने एकाच कागदावर दाटल्याने इतकी किरकोळ की मी त्यांना यंत्राचा दोष समजले होते. मी तारखा ताडून पाहिल्या. सातही तारखा माझ्या भेटींच्या होत्या.

सात महिन्यांत ती पेटी माझ्याशिवाय कोणी उघडली नव्हती.

त्याच दिवशी दुपारनंतर मी रजा टाकून गेले. दादा झोपला होता. वहिनी ओट्याशी भांडी पुसत होती. मी तिला विचारले, पेटी कुणीच का उघडत नाही? तिने हातातले भांडे पूर्ण पुसले, जागेवर ठेवले आणि मग बोलली.

"उघडून काय करायचं होतं, वन्सं? डब्या चाचपायच्या होत्या? चारशे डब्या, सगळ्या सारख्या गुळगुळीत."

मी म्हटले, मला सांगायचे तरी होते. एका फोनचे काम होते.

"मी सांगणारच होते. त्यांनी शपथ घातली. म्हणाले, चार रविवार पाठ मोडून केलंय तिने, हातमोजे घालून. तिला आता काही बोलायचं नाही."

दुपारी तो काय करत असे, हे मी विचारायला नको होते. तो खिडकीशीच बसे, मांडीवर काही न घेता. पहिले काही आठवडे तो सदऱ्याच्या बटणांवरून अंगठा फिरवत असे. मग तेही थांबले. दोन महिन्यांपूर्वी त्याने वहिनीला सदरा घालून द्यायला सांगितले, कारण बटणे कुठे आहेत ते त्याला कळत नव्हते. मधुमेहाचा बधिरपणा पायांपासून सुरू होतो आणि हातांपर्यंत येतो. हे मी कुठेही वाचू शकले असते. पायांच्या तळव्यांच्या बधिरपणाबद्दल डॉक्टरांनी पेटी बंद होण्याच्या आधीच सांगितले होते. बोटांना किती अवधी आहे, असे दादाने तेव्हा विचारले होते. नक्की सांगता येत नाही, वर्षभर मिळेल कदाचित, असे उत्तर आले होते. घरात हे वहिनीला माहीत होते. मला माहीत नव्हते, कारण मी दर महिन्याला नाण्यांची प्रकृती विचारत होते.

म्हणजे बोटांना मिळालेला सगळा अवधी ती पेटी बंद होती.

दादा उठला तेव्हा मी पेटी जमिनीवर उघडून बसले होते. डब्यांची तोंडे मीच चिकटपट्टीने बंद केली होती. आता सुरीने कापत होते. आवाजावरून त्याला कळले.

"काय गं, नाणी सडली का?"

"नाही. हात पुढे कर."

"हातमोजे?"

"नकोत."

तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. वहिनी दाराशी उभी राहिली, आत आली नाही. मी पहिले नाणे त्याच्या तळहातावर ठेवले. मोठे, चांदीचे, उंच शिडांचे जहाज असलेले. त्याने अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हाताचा फिरवला. मग कडेवरून नख नेले. या क्रियेला पूर्वी त्याला दोन सेकंद लागत. आता मिनिट गेले असेल.

"बैल," तो म्हणाला.

"नाही, जहाज आहे," मी म्हटले. सवयीने. निरीक्षण चुकले की दुरुस्त करायचे, यापलीकडे त्या क्षणी मला काही सुचले नाही.

त्याने नाणे खाली ठेवले आणि दोन्ही हात पायजम्याला पुसले, जणू घामामुळेच चुकले होते. मग हात पुन्हा पुढे केला. वहिनी दारातून निघून गेली.

दुसरे नाणे तांब्याचे होते, गव्हाच्या ओंबीचे. त्याने ते बराच वेळ फिरवले, ओठांना लावले, पुन्हा बोटांत घेतले.

"दाढीवाला राजा. त्याचं नाक झिजलंय."

"हो," मी म्हटले.

"कडेला थोडं दबलंय ना? मी घेतलं तेव्हाच होतं."

"हो. डाव्या बाजूला."

कड अखंड होती. मी तिसरे दिले. त्याने ते बैल म्हणून ओळखले, मी हो म्हटले. चौथे, पाचवे, सहावे. एखाद्या नाण्याबरोबर तो ते कुठे मिळाले हेही सांगे: तो विक्रेता, ती पावसाने भिजलेली गोणी, घासाघीस करताना वहिनीने मागून ओढलेला सदरा. ही हकीकत प्रत्येक वेळी खरी होती. फक्त हातातले नाणे दुसरे होते. मी हो म्हणत गेले. बाराव्या नाण्यानंतर त्याने हात मागे घेतला.

"आज एकच चुकलं."

"एकच."

"पहिलंच. नंतर सगळी बरोबर." त्याने तोंड खिडकीच्या उजेडाकडे केले. "तुमच्या प्रयोगशाळेत ओळीने अकराच्या अकरा बरोबर आली, तर काय करता गं?"

मी खरे ते सांगितले. "शंका येते. पुन्हा तपासतो."

"नको तपासूस," दादा म्हणाला. "दे पुढचं."

मी पुढची डबी कापली.