तात्यांच्या नावाखालची लाल रेघ

भवानीनगरात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आमच्याकडचं एकही नाव कॉम्प्युटरला पटेल तर शपथ! दिसलं की खाली लाल रेघ ओढतो मेला.

काल अंथुर्ण्याचे गेनबा तात्या नातीची पत्रिका तपासायला आले. स्क्रीनवर त्यांच्या नावाखाली लाल रेघ होती, चुलतभाऊ बबनरावांच्या नावाखाली नव्हती. तात्या भडकले.

"रेश्मा, मलाच लाल शाई? त्याला बरं सोडलं!"

"तात्या, ती छापून येत न्हाय. बबनराव सारखे येतात, म्हणून त्यांचं नाव कॉम्प्युटरच्या डिक्शनरीत घातलंय."

"मग माझं बी घाल."

घातलं. रेघ गेली. तात्यांनी खुशीत चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "आता बबन्याचं काढ."

गिऱ्हाईक पडलं, काढलं.

आज दुकान उघडायला गेले, तर पायरीवर तात्यांची अख्खी भावकी बसलेली; तात्यांनी रात्रीत गावभर मिरवलं होतं. जो तो स्वतःची रेघ पुसून मागत होता आणि दुसऱ्याच्या नावाखाली ओढायला सांगत होता. माझं डोकं फिरलं. मी डिक्शनरीच रिकामी केली. सगळ्यांच्या नावाखाली लाल रेघा आल्या आणि भावकी समाधानानं उठून घरी गेली.

तात्या तेवढे मागं रेंगाळले.

"रेश्मा, माझी जरा जाड कर की."