लिलावाच्या हातोड्याखालचा कागद

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, खिळे ठोकणारा हातोडा डोळ्यांपुढे आणू नका. मी आयुष्यात एकही खिळा ठोकलेला नाही. मी लिलावाचा हातोडा. डोकं शिसवी लाकडाचं, दांडा फिकट लाकडाचा, आणि सबंध अंग तुमच्या वितीएवढं. सध्या माझा मुक्काम एका टेबलावर, संगणकाच्या डाव्या बाजूला असतो.

माझा जन्म खुर्च्यांचे पाय कातणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. एका मोडक्या पलंगाचं लाकूड उरलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून त्याने मला घडवलं. बाकावर एकदा आपटून पाहिलं, मान डोलावली आणि कागदात गुंडाळून मालकांच्या हवाली केलं. मालक तेव्हा पंचविशीचे होते. जुन्या सामानाच्या लिलावाचं त्यांचं दालन नुकतंच सुरू झालं होतं.

ते दालन म्हणजे एक लांबट खोली. चाळीस खुर्च्या, समोर एक उंच मेज, मागे कपाटं, शिवणयंत्रं, आरसे, घड्याळं. मालक आवाज चढवून म्हणायचे, ‘एक वार, दोन वार, तीन वार,’ आणि मग मी. माझा ठोका पडला की वस्तू कुणाची झाली हे शेवटच्या खुर्चीवर डुलक्या घेणाऱ्यालाही कळायचं. एकदा तर एक गृहस्थ माझ्या ठोक्याने असे दचकून जागे झाले, की त्यांचा हात आपोआप वर गेला आणि पुढची वस्तू, गळका पत्र्याचा टब, त्यांच्या गळ्यात पडली. ते बिचारे हसत हसत घेऊन गेले. ‘माझी जीभ घसरेल, पण हातोडा घसरायचा नाही,’ असं मालक चारचौघांत सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडायचं.

चाळीस वर्षं अशी गेली. मग लोक घरबसल्या बोली लावू लागले. खुर्च्या एकेक करून विकल्या गेल्या. मालकांची सून वस्तूंचे फोटो काढून वेबसाइटवर चढवू लागली. आठवडाभर बोली चालायची, ठरलेल्या वेळी आपोआप बंद व्हायची, आणि जिंकणाऱ्याला ईमेल जायचा. ठोक्याची गरज उरली नाही. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मला एका गठ्ठ्यावर ठेवण्यात आलं. पडून पडून माझं डोकंही दांड्यावर डुगडुगू लागलं.

सगळी कामं सूनबाईंकडे गेली, पण जिंकणाऱ्याला कळवण्याचं काम मालकांनी सोडलं नाही. निकाल सांगायचा तो मीच, असा त्यांचा हट्ट. आणि मित्रांनो, ते जसे मेजावरून ओरडायचे तसेच ते लिहायचे. ‘अभिनंदन!!! तुम्ही जिंकलात!!! त्वरा करा!!! खाली क्लिक करा!!!’ वस्तूचं नाव नाही, घेणाऱ्याचं नाव नाही. दालनाचा स्वतःचा ईमेल पत्ता असताना पत्र पाठवायचे ते आपल्या खासगी पत्त्यावरून. दोन दिवसांत उत्तर आलं नाही, की दुसरं पत्र आणखी मोठ्या आवाजात.

उत्तरं येईनाशी झाली. नियम असा होता, की सात दिवसांत उत्तर आलं नाही तर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला द्यायची. मालकांनी भिंतीवर एक कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, ‘बोली लावून पळालेले’. वर्षभरात त्याखाली अकरा नावं जमली. एकदा फोन करून बघूया, असं सूनबाईंनी सुचवून पाहिलं. मालक म्हणाले, लिलाववाल्याने गिऱ्हाइकाच्या मागे धावायचं नसतं. मलाही ते पटलं होतं. आम्ही दोघेही जुन्या वळणाचे.

मग ती हत्यारांची पेटी आली. एका घड्याळजींची, लहानशी, बारा कप्प्यांची. एका कप्प्याची मूठ हरवली होती आणि तिच्या जागी तारेने एक निळं बटण बसवलं होतं. पेटीची बोली संपली, पत्र गेलं, उत्तर नाही. दुसरं गेलं, तिसरं गेलं. आठव्या दिवशी सकाळी मालकांनी भिंतीवर बारावं नाव लिहिलं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला अभिनंदनाचं पत्र धाडलं. त्याचा धंदा दुकानं सजवण्याचा होता. ती हत्यारं तो भिंतीवर शोभेला टांगणार होता.

त्यानंतर दोन दिवसांनी एक बाई दारात उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, बोटांना तेलाचे डाग. त्या पेटीचं काय झालं ते विचारायला आल्या होत्या. पेटी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर भावाने दुकान रिकामं करताना ती कपाटासकट विकून टाकली होती. त्याच धंद्यात असलेल्या बहिणीला विचारायचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. वेबसाइटवर फोटोत बटण दिसलं आणि त्यांनी पेटी ओळखली. ते बटण त्यांच्याच लहानपणच्या फ्रॉकचं होतं.

मालकांनी नाव विचारलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. बाईंनी तो कागद वाचला. शेवटी आपलंच नाव, त्यावर ‘पळालेले’. त्यांचा चेहरा उतरला. लाकडाला लाज असते का ते मला माहीत नाही, पण त्या क्षणी मला टेबलावरून खाली पडावंसं वाटलं.

“काका, मी पळाले नाही,” त्या म्हणाल्या. “मी रोज मेल उघडून तुमच्या निरोपाची वाट बघत होते.”

तीन पत्रं पाठवली होती, असं मालक सांगू लागले. सूनबाईंनी मध्येच बाईंचा फोन मागितला आणि स्पॅमचा कप्पा उघडायला लावला. फसवी वाटणारी पत्रं परस्पर बाजूला टाकणारा तो कप्पा. तिथे टकलावर महिन्यात केस उगवण्याचं औषध होतं, न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस होतं, आणि त्यांच्या मधोमध आमची तिन्ही पत्रं. मालकांनी चष्मा लावून ती वाचली. लॉटरीचं पत्रही वाचलं. दोन्हींत डावं-उजवं करणं कठीण होतं.

“बाबा,” सूनबाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही जितक्या जोरात हाक मारलीत, तितकं पत्रं गाळणाऱ्या त्या चाळणीला तुम्ही ठग वाटलात.”

मालकांनी चष्मा काढून ठेवला. मग ज्या माणसाने चाळीसहून जास्त वर्षांत गिऱ्हाइकाला फोन केला नव्हता, त्याने स्वतः फोन उचलला. दुकानं सजवणाऱ्याला विचारलं, पेटी कधी नेणार. तो म्हणाला, कुठली पेटी? त्याला निरोपच मिळाला नव्हता. त्याचं पत्रही त्याच्या स्पॅममध्येच जाऊन पडलं होतं. आपल्याला पेटी मिळाली नाही असं समजून त्याने कालच दुसरीकडून हत्यारं घेतली होती.

ज्या चुकीने पेटी गेली, त्याच चुकीने ती वाचली.

पेटी टेबलावर आली. बाईंनी बटण चिमटीत धरून कप्पा ओढला आणि आत पाहत राहिल्या. निकाल सांगायचा म्हणून मालकांनी सवयीने मला उचललं, तर माझं डोकं लटपटलं. बाईंनी मला त्यांच्या हातातून अलगद घेतलं. पेटीतली घड्याळाची भोकं साफ करायची लाकडी काडी काढली, वडिलांच्या छोट्या सुरीने तासली आणि पाचर करून माझ्या दांड्याच्या टोकात घट्ट बसवली. वडिलांच्या हत्यारांनी त्यांनी केलेलं ते पहिलं काम.

“एक वार, दोन वार, तीन वार,” मालक म्हणाले. मी पडलो. इतक्या वर्षांनी पडलो, पण ठोका खणखणीत वाजला. मग त्यांनी भिंतीवरचा कागद काढून टाकला.

मला उचललं तेव्हा सूनबाईंचं लक्ष माझ्याखालच्या गठ्ठ्याकडे गेलं होतं. सगळ्यात वरचा कागद वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीचा. पत्रं दालनाच्याच पत्त्यावरून पाठवा, ती तुमचीच आहेत याची नोंद अशी करून घ्या, विषयात वस्तूचं नाव लिहा, उद्गारचिन्हं टाळा, बोली लावणाऱ्यांना तुमचा पत्ता आधीच जपून ठेवायला सांगा. सगळं क्रमाने लिहिलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे हातोड्याखाली होता.

आता पत्रं साधी जातात. नाव, वस्तू, कधी आणि कुठून न्यायची, खाली दालनाचा फोन नंबर. बहुतेक पोचतात. तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर मालक फोन करतात. त्या अकरा जणांनाही त्यांनी एकेक करून फोन केला. नऊ जणांकडे पत्र त्याच कप्प्यात पडलेलं सापडलं. त्यांच्या वस्तू मात्र केव्हाच दुसऱ्यांच्या घरी गेल्या होत्या. मालकांनी माफी मागितली, पण माफीने वस्तू परत येत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. माझ्यासारखा एखादा डुगडुगत असेल, तर त्याला एक पाचर मारा. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात अधूनमधून डोकावत जा. आणि कुणाचं उत्तर आलं नाही, तर त्याचं नाव भिंतीवर लिहिण्याआधी त्याला एकदा फोन करा. मी तो कंपनीचा कागद दोन वर्षं पोटाखाली दाबून बसलो होतो, म्हणून सांगतो.