एल्डरमेअरचं निशाण

"अगं बाई, किती काजळी फासशील? चुलीतून काढल्यासारखं दिसायला लागलं की ते!" शेजारची बेरिल मागच्या दारात उभी राहून म्हणाली.

"बावीस वर्षं बोटीच्या धुरात फडफडलं की असंच दिसतं," आयव्ही म्हणाली आणि शेगडीतली काजळी चिमटीत घेऊन पुन्हा कापडावर चोळू लागली.

गर्द हिरवं निशाण, त्यावर पांढरा शंकरपाळी चौकोन, चौकोनात तांबडा तारा. ऑल्डक्रॉफ्ट लाइन या बोट कंपनीच्या प्रत्येक बोटीच्या डोलकाठीवर हे चढायचं आणि लिव्हरपूलच्या धक्क्यावरचं शेंबडं पोरही ते लांबून ओळखायचं. आता ऑल्डक्रॉफ्ट लाइनच राहिली नव्हती. मागल्या हिवाळ्यात लंडनच्या कुणीतरी ती विकत घेतली, बोटी परदेशात विकल्या आणि माणसांना घरी बसवलं. गोदीजवळच्या निशाणांच्या कारखान्यात आयव्हीने अडतीस वर्षं हेच निशाण शिवलं होतं. हे मात्र तिने उरलेल्या तुकड्यांतून, जेवणाच्या सुट्टीत शिवलं. मुकादम क्विलियम भला माणूस, त्याने कानाडोळा केला.

"सिरिलला सरळ सांगून का टाकत नाहीस?" बेरिलने विचारलं.

"काय सांगू? की तुझ्या निशाणाची कंपनीने तसबीर केली?"

सिरिल तिचा नवरा. 'एल्डरमेअर' या बोटीवर बावीस वर्षं बोसन होता, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या. बोट विकली गेली की तिचं शेवटचं निशाण सगळ्यांत जुन्या माणसाला द्यायचं, ही त्या लाइनची रीत. शेवटच्या दिवशी निशाण उतरवलं तेव्हा कप्तान सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बोसन, हे तुमचं. ऑफिसचे सोपस्कार उरकले की घरी पाठवतो." त्याला आठ महिने झाले. तेवढ्या काळात कप्तान निवृत्त होऊन मुलीकडे कॅनडाला गेला आणि सिरिलच्या फुप्फुसांनी हात टेकले. ऑगस्टपासून तो इस्पितळात होता. डॉक्टर काय म्हणाले, हे तो कधी विचारत नसे. आयव्ही खाटेपाशी आली की त्याचा एकच प्रश्न असे, "आलं का?"

तिने लंडनला पत्र टाकलं होतं. उत्तर तीन आठवड्यांपूर्वीच आलं आणि तेव्हापासून तिच्या पर्समध्ये पडून होतं.

"आणि त्याने ओळखलं तर?" बेरिल म्हणाली.

"कशावरून ओळखणार? ते माझ्याच हातचं होतं, हेही माझ्याच हातचं. टाका न् टाका सारखा आहे." आयव्हीने जेवणाचा काटा घेतला आणि निशाणाची फडकती कड ओरबाडून तिचे धागे सुटे केले. मग ते मिठाच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं, पुन्हा बुडवलं. अडतीस वर्षांत ती वाकडी शिवण घालायला शिकली नव्हती. स्वतःचंच काम असं नासवताना तिला रडू येत होतं आणि बेरिलसमोर रडायचं नव्हतं.

रविवारी दुपारी दोनला वॉर्डचं दार उघडलं तेव्हा रांगेत ती पहिली होती.

"आलं का?" सिरिलने विचारलं.

"आलं," ती म्हणाली.

तो उशीवरून उठायला लागला. गेल्या पंधरवड्यात तो आपणहून कुशीवरसुद्धा वळला नव्हता. तिने त्याला टेकवून बसवलं आणि निशाण मांडीवर ठेवलं. त्याने ते नाकाशी नेलं, दोन्ही मुठींत आवळलं. डोळे भरून आले ते पुसायचं भानही त्याला राहिलं नाही.

"ए फिनिगन, जागा आहेस का रे?" तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला. "आलं बघ! तू म्हणत होतास ना, साहेब लोक विसरले म्हणून?"

"आलं बाबा आलं," फिनिगन म्हणाला. "आता तरी रोज आमची डोकी खाऊ नकोस."

सिरिल हसला. हसताना खोकला आला, तो थांबायला बराच वेळ लागला. मग त्याने निशाण ब्लँकेटवर पसरायला सांगितलं. आयव्हीने पसरलं, काठीकडची बाजू त्याच्या छातीशी, फडकती बाजू पायांकडे. तो हाताने चाचपत चाचपत गेला. ताऱ्यावर आला आणि थांबला. मग ताऱ्यापासून काठीच्या बाजूपर्यंत त्याने वितीने मोजलं. मागे टेकला. जरा दम घेऊन म्हणाला,

"दुसऱ्या बाजूने तू मोज."

"काय मोजायचंय त्यात?"

"मोज ना."

तिने मोजलं. दोन्हीकडे सारखंच भरलं. भरणारच होतं, ते तिने फूटपट्टी लावून बेतलं होतं.

"चौकोन मधोमध आहे, आयव्ही."

"मधोमधच असतो."

"कारखान्यात असतो." त्याचा आवाज अगदी साधा होता, रागाचा लवलेश नव्हता. "समुद्रावर कड फाटते. फाटली की फाटका भाग कापायचा आणि पुन्हा दुमडून शिवायची. एल्डरमेअरचं मी स्वतः पाच वेळा कापलं. दीड फूट गेलं होतं त्यातलं. तारा पार कडेला आला होता. आमची पोरं म्हणायची, बोसन, आणखी एकदा कापलंत तर तारा पाण्यात पडेल."

आयव्हीने हजारभर तरी निशाणं शिवली असतील. सगळी कोरी बाहेर गेली होती आणि त्यातलं एकही परत आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"पत्र आलं असेल," तो म्हणाला.

"सिरिल, जाऊ दे ना."

"वाच."

तिने पर्समधून पत्र काढून वाचलं. सदर निशाण संचालकांच्या सभागृहात काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. आपण म्हणता तशा कोणत्याही आश्वासनाची नोंद आमच्याकडे आढळत नाही. आपल्या यजमानांच्या प्रकृतीस आराम पडो.

"माझं नाव आहे त्यात?"

"नाही."

"बोटीचं?"

तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही."

फिनिगनने भिंतीकडे तोंड केलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा व्हायला अजून अर्धा तास होता. सिरिल खिडकीकडे बघत होता, पण खिडकीबाहेर समोरच्या वॉर्डाच्या विटांशिवाय काही नव्हतं.

"चुकलं माझं," आयव्ही म्हणाली. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटलं ना," तो म्हणाला. "घटकाभर वाटलं."

थोड्या वेळाने त्याला हुडहुडी भरली. तिने निशाण ओढून त्याच्या गळ्यापर्यंत घेतलं. लोकरीचंच कापड होतं, ऊब आली असती. त्याने ते दोन बोटांनी बाजूला सारलं.

"हे नको. ब्लँकेट दे."

तिने इस्पितळाचं करडं ब्लँकेट वर ओढलं तसं निशाण घसरून फरशीवर पडलं. कारखान्यात निशाण जमिनीला लागणं अपशकुन मानत, लागलं की त्या दिवशी बायका एकमेकींशी बोलत नसत. आयव्हीने खाली पाहिलं, पण ते उचललं नाही. मग ती खाटेच्या पायथ्याशी गेली आणि ब्लँकेटची कड त्याच्या पावलांखाली नीट खोचू लागली.