उडायचं विसरलेला फ्यूज

मित्रांनो, दारातून आत आलात की जरा मान वर करा. मीटरच्या शेजारी, कोळ्याच्या जाळ्याआड, चिनी मातीचा एक पांढरा ठोकळा दिसतो ना? पिवळट म्हणालात तरी चालेल, मला राग येत नाही. तो मी. या घराचा फ्यूज.

माझा जन्म भट्टीतला. आधी माती, मग साचा, मग आग. एवढं भाजून निघाल्यावर कोणीही कडक होईल, तसा मीही झालो. पण माझ्या पोटात एक तार असते, केसासारखी बारीक, आणि माझं सगळं शहाणपण त्या तारेत. घरातल्या तारांना झेपणार नाही इतका भार आला की ती वितळते. वीज थांबते, भिंतीतल्या तारा वाचतात. थोडक्यात काय, नाजूकपणा हीच माझी नोकरी!

सुरुवातीची वर्षं झकास गेली. घरात चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ. एकदा इस्त्रीची वायर आतून तुटली आणि पडद्याजवळ ठिणगी पडली. मी त्याच क्षणी उडालो. पडदा वाचला. तेव्हा आईने स्टुलावर चढून मला फडक्याने पुसलं होतं. "शहाणा गं बाई माझा!" म्हणाली. फडकं कोरडं होतं. शहाणी तीही होतीच.

मग फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, गीझर आला. शेवटी बिट्टीच्या खोलीत हीटर आला. बिट्टी म्हणजे या घरातली शाळकरी मुलगी, बोलायला लागली की रेडिओला सुट्टी. सगळं एकदम सुरू व्हायचं आणि मला झेपायचं नाही. आठवड्यातून तीनदा उडू लागलो. बाबा स्टुलावर चढताना करवादायचे, "काय कटकट आहे! एवढंसं झालं की हा बसला रुसून!"

एका रविवारी मामा आला, आईचा भाऊ. घरातलं काहीही बिघडलं की स्वतः उघडून बसणारा आणि शेवटी उरलेले दोन स्क्रू गुपचूप खिशात घालणारा. त्याने माझी बारीक तार काढून टाकली. तिच्या जागी जाड तांब्याची तार तीन पदरी पिळून बसवली आणि स्क्रू करकचून आवळले.

"घ्या दाजी! आता हा शंभर वर्षं उडायचा नाही."

बाबांनी टाळी दिली. आईने चहा टाकला. आणि खरंच, मी उडालो नाही.

त्याचं मला काय वाटलं? काही नाही. गीझर, हीटर, मशीन, सगळ्यांची वीज माझ्यातून धो धो जायची आणि मला काही कळायचं नाही. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, पण आपला नसतो, तसं. एक हिवाळा गेला. दुसरा आला. बाबा पाहुण्यांना मला दाखवायचे, "बघा, वर्षभरात एकदाही गेला नाही!" स्तुती होती. ऐकली. भिंतीतल्या तारा तापत होत्या. तेही चाललं होतं.

वास बिट्टीला आला.

"आई, माझ्या उशीपाशी काहीतरी जळकं येतंय."

"हीटरवर धूळ बसली असेल."

"शेजाऱ्यांचं काहीतरी करपलं असेल," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती हट्टालाच पेटली. "बाबा, चौकातल्या वायरमनबाईंना बोलवा ना!"

"मामा असताना बाहेरचं माणूस? त्याला काय वाटेल!"

"आणि मी भाजले तर मला काय वाटेल?"

"तोंड बघा किती चालतंय!"

तोंड चाललं, पायही चालले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती वायरमनबाईंना घेऊनच आली. खांद्याला पिशवी, अंबाड्यात खोचलेला टेस्टर. मामा नेमका जमिनीवर मिक्सर उघडून बसला होता.

"सगळं ठीक आहे हो," तो म्हणाला. "फ्यूज वर्षभर गेलेला नाही."

बाई थबकल्या. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही!"

"मग आधी तोच बघते."

त्यांनी मेन स्विच बंद केला, मला खाचेतून ओढलं आणि माझं पोट पाहिलं. "हे कुणाचं काम?"

मामाचं डोकं मिक्सरमध्ये आणखी खोल गेलं.

"दादा," बाई बाबांना म्हणाल्या, "फ्यूज घरात सगळ्यात कच्चा लागतो. याला तुम्ही पक्का केलात, आता कच्ची राहिली भिंतीतली वायर. जळणार ती."

"अहो, पण चालतंय की सगळं. थंडीचे दिवस आहेत, गीझर लागतो. पुढच्या महिन्यात बघू."

बाईंनी वाद घातला नाही. मला मुठीत घेऊन त्या बिट्टीच्या खोलीत गेल्या आणि पलंगाशेजारचा बोर्ड उघडला. तारांवरचं प्लॅस्टिक वितळून काळं झालं होतं, बोर्डाला चिकटलं होतं.

"इथे भिंतीला हात लावा."

बाबांनी लावला. झटकन मागे घेतला. मग वाकून बिट्टीची उशी उचलली आणि छातीशी धरली. उशीच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग होता.

"बाई," ते म्हणाले, "काय काढायचं ते काढा."

"या खोलीची वायर नवी, गीझर-हीटरला वेगळी लाइन. दोन दिवस जातील. तोवर फक्त दिवे आणि पंखे."

"आणि हा?" बिट्टीने माझ्याकडे बोट दाखवलं. "फेकायचा?"

"याला काय धाड भरलीय? तार तेवढी चुकीची आहे."

मामाने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. बाईंनी आधी त्या खोलीची जळकी वायर तोडून ठेवली, मग माझी जाड तार सोडवली, बारीक बसवली, मला खाचेत दाबलं आणि मेन चालू केला. आधी काहीच नाही. मग पोटाच्या अगदी मध्यावर एक बारीकशी ऊब. मग चुरचुर. दुखत होतं थोडं. माझंच दुखत होतं.

मित्रांनो, घरातलं काही वारंवार बंद पडत असेल तर त्याचं तोंड आवळू नका. भार कमी करा आणि ज्याला त्यातलं कळतं, त्याला बोलवा. ओळखीचे किती का रुसेनात! आणि तुमच्या घरात 'मला झेपत नाही' म्हणणारं एखादं माणूस अलीकडे काहीच म्हणेनासं झालं असेल, तर शाबासकी देऊन मोकळे होऊ नका. जवळ बसा. कधीपासून दुखेनासं झालं, तेवढं विचारा.